उपाय आधी, वाचन नंतर

२०२२ च्या जुलै महिन्यातील एका सकाळी आमच्या मराठी विभागातला संगणक सुरू झाला, पण त्यातली सूची उघडेना. आदल्या संध्याकाळी पावसात वीज गेली होती. विभागाच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झालेली असल्याने, एक विद्यार्थिनी नोंदी भरत असतानाच संगणक जागच्या जागी बंद पडला होता. ही सूची ज्या डेटाबेसमध्ये आहे तो झॅम्प नावाच्या सॉफ्टवेअरमार्फत चालतो. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध नाही. टेबलावरच्या त्या एकाच यंत्रात सर्व्हरही आहे आणि त्याला प्रश्न विचारणारेही तिथेच बसतात. झॅम्पच्या फलकावर 'मायएसक्यूएल' या नावासमोरचे 'स्टार्ट' बटण दाबले की ते नाव आधी पिवळे होते, मग हिरवे. त्या दिवशी ते क्षणभर हिरवे झाले आणि विझले. खाली तांबड्या अक्षरांत मजकूर उमटला: मायएसक्यूएल अनपेक्षितपणे बंद पडले आहे.

ही सूची कशाची, हे सांगितल्याशिवाय पुढील हकिकतीला अर्थ नाही. कृष्णाकाठच्या एका गावातील जुन्या वाचनालयात नियतकालिकांचे बांधीव खंड होते. 'विविधज्ञानविस्तार', 'मनोरंजन' यांचे सुटे खंड त्यांत होतेच. पण ते अन्यत्रही जपले गेले आहेत. आमची खरी ओढ होती ती चार-सहा अंक निघून मिटलेल्या, वाङ्मयेतिहासात एका ओळीचीही जागा न मिळालेल्या मासिकांची. २०१४ पासून एम. ए. च्या विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी तिथे बसून लेखाचे शीर्षक, लेखक, टोपणनाव, अंक, पृष्ठ आणि शेरा अशा नोंदी वह्यांत उतरवल्या आणि विभागात येऊन संगणकात भरल्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ते दालन पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर जे हाती आले ते खंड नव्हते, चिखलाचे ठोकळे होते. पहिल्या काही वर्षांच्या वह्या उत्तीर्ण होऊन गेलेल्या मुलांबरोबर गेल्या. त्या परत मागून ठेवाव्यात हे आम्हांला सुचले नाही. तात्पर्य, त्या अंकांतील बऱ्याचशा लेखनाची शेवटची खूण त्या सकाळी विझलेल्या हिरव्या चौकोनामागे होती.

मदतीला संगणकशाखेतला एक विद्यार्थी धावून आला. मुलगा हुशार आणि मनापासून मदत करणारा. "मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणून त्याने मोबाइलवर एक चित्रफीत लावली. तीत एक तरुण 'डेटा' या फोल्डरमधल्या फायली भराभर निवडून पुसत होता. पुसायच्या फायलींत 'आयबीडेटा-१' नावाची एक फाइल होती. तिच्यात काय असते, असे मी विचारले. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "ते माहीत नाही, पण खाली सगळ्यांनी लिहिलंय, चालू झालं म्हणून."

चालू झाले असेल, यात मला शंका नाही. सर्व्हर चालू होणे आणि मजकूर परत मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातला फरक ज्याच्या डेटाबेसमध्ये काही असते त्यालाच कळतो. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने आजवर हाताळलेले डेटाबेस सरावाचे होते. प्रात्यक्षिक संपले की पुसायचे. त्याच्या दृष्टीने सर्व्हर हे भांडे होते आणि भांडे रिकामेच असते. इंटरनेटवरचे निम्मे उपाय अशा रिकाम्या भांड्यांच्या मालकांनी एकमेकांना सांगितलेले आहेत. त्यांच्यापुरते ते बरोबरही आहेत.

'आयबीडेटा-१' मध्ये काय असते ते मला नंतर वाचून कळले. झॅम्पमधला डेटाबेस साधारणपणे प्रत्येक तक्त्याच्या दोन फायली ठेवतो: एकीत तक्त्याचा आराखडा, दुसरीत मजकूर. पण कोणता तक्ता कोठे आहे याचा अंतर्गत कोश 'आयबीडेटा-१' मध्ये असतो. काही रचनांत तर मजकूरही तिथेच असतो. ती पुसली की सर्व्हर निमूटपणे नवी, कोरी फाइल तयार करतो आणि सुरू होतो. तक्त्यांची नावे पूर्वीसारखी दिसतात. एखाद्या नावावर टिचकी मारली की उत्तर येते, हा तक्ता इंजिनात अस्तित्वातच नाही. ग्रंथालयात तालिकेतले कार्ड जागेवर असावे आणि फडताळात पुस्तक नसावे, तसे. मजकुराच्या फायली शाबूत असतील तर यातूनही वाट निघते. पण ती लांबची आणि जाणत्या हातांची आहे. दुसऱ्या एका महाविद्यालयातील माझ्या एका स्नेह्यांनी बोलीतील शब्दांचा संग्रह याच प्रकारे घालवला. सर्व्हर चालू झाला म्हणून त्यांनी त्या दिवशी सर्वांना चहा पाजला होता. संग्रह नाही हे आठवड्याने लक्षात आले आणि तोवर जुना फोल्डर पुसून झाला होता.

म्हणून मी पहिली गोष्ट केली ती ज्ञानातून नव्हे, सवयीतून. संपूर्ण 'डेटा' फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. मूळ पोथीवर लेखणी चालवायची नाही, हा संपादनाच्या वर्गातला पहिला पाठ. आम्ही विष्णु सीताराम सुकथनकरांचे नाव घेऊन तो शिकवतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत शक्यतो हस्तलिखितांत आधार असलेलाच पाठ स्वीकारायचा, स्वतःच्या कल्पनेने दुरुस्ती करायची तर ती अगदी अपवाद म्हणून, हे त्यांचे धोरण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. आणि विभागातले यंत्र अडले की त्याच विद्यार्थ्याला 'पुसून बघ' म्हणतो!

दुसरी गोष्ट वाचनाची. त्या तांबड्या मजकुरात एकच वाक्य नव्हते. पुढे लिहिले होते की पोर्ट अडलेले असणे, आवश्यक फायली नसणे, अधिकार अपुरे असणे, सर्व्हर कोसळणे किंवा अन्य मार्गाने तो बंद केला जाणे, यांपैकी काहीही कारण असू शकेल. 'लॉग्ज' हे बटण दाबून नोंदी पाहाव्यात. यंत्र स्वतः सांगत होते की मला कारण ठाऊक नाही, ते अमुक ठिकाणी लिहिलेले आहे, तिथे वाचा. आम्ही तिघे-चौघे त्या मजकुरापुढे पाऊण तास उभे होतो. पैकी दोघे पीएच. डी. आहेत. दुसरे वाक्य कोणी वाचले नव्हते. पहिल्या वाक्यातले चार शब्द उचलून आम्ही ते शोधयंत्रात टाकले होते, आणि त्या चार शब्दांना पाच कारणांपैकी कोणत्याही कारणाचे उत्तर मिळू शकते हे आमच्या गावीही नव्हते.

लॉग हा गद्याचा एक रूक्ष प्रकार आहे, पण गद्यच. प्रत्येक ओळीला तारीख, वेळ आणि कंसात एक शेरा: 'नोट', 'वॉर्निंग' किंवा 'एरर'. तो शेवटापासून वाचला तर काही हाती लागत नाही, कारण शेवटची ओळ नेहमी 'ॲबॉर्टिंग' असते. म्हणजे थांबतो आहे. ते कारण नव्हे, निरोप आहे. तिच्या वरच्या दोन-तीन तांबड्या ओळीही बहुधा परिणामच असतात. शेवटच्या प्रयत्नाची सुरुवात कोठे आहे ते वेळेवरून ओळखून तिथून खाली येत पहिली 'एरर' ओळ गाठावी लागते. आमच्या लॉगमध्ये ती अशी होती: आरियाचे पुनरुज्जीवन फसले, आरियाच्या तक्त्यांवर 'आरिया-चेक' चालवा आणि 'आरिया-लॉग' या फायली काढून टाका. त्याखाली एक 'नोट', जिच्याकडे कोणाचेही लक्ष गेले नसते: इनोडीबी १०.४ सुरू झाले. मग पुन्हा एरर, आरिया हे इंजिन अज्ञात असल्याने अमुक तक्ता उघडता येत नाही. आणि मग निरोप.

या ओळी कळायला थोडी पार्श्वभूमी लागते. असे डेटाबेस आपला मजकूर आपल्याकडच्या जुन्या पेढीसारखा सांभाळतात. व्यवहार झाला की तो प्रथम रोजकीर्दीत टिपायचा, आणि सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. इनोडीबी या इंजिनात 'आयबी-लॉगफाइल' ही रोजकीर्द आणि तक्त्यांच्या फायली ही खतावणी. मध्येच दिवे गेले तर दुसऱ्या दिवशी पेढी उघडताना मुनीम आधी रोजकीर्द काढतो, खतावणीत न चढलेल्या रकमा चढवतो, अर्धवट राहिलेले व्यवहार रद्द करतो आणि मगच गिऱ्हाइकाला दार उघडतो. वीज गेल्यानंतर सर्व्हर सुरू व्हायला लागणारा जास्तीचा वेळ हा या मिळवणीचा असतो. अधीर होऊन त्याच वेळी 'स्टॉप' दाबणारे महाभाग मी पाहिले आहेत. आरिया हे त्याच पेढीतले दुसरे इंजिन. त्याचीही स्वतंत्र रोजकीर्द असते. आमच्या डेटाबेसमध्ये सर्व्हरचे स्वतःचे तक्ते, म्हणजे वापरकर्ते कोण, कोणाला कसला अधिकार, असली माहिती आरियाकडे होती. आणि आमची सूची होती इनोडीबीकडे.

आता त्या ओळी पुन्हा वाचाव्यात. इनोडीबीची मिळवणी झाली होती, ते सुरू झाले होते. सूची सुखरूप होती. बिघाड होता तो आरियाच्या रोजकीर्दीत, म्हणजे पेढीच्या पहारेकऱ्यांच्या हजेरीपटात म्हणा ना! आणि आम्ही पुसायला निघालो होतो 'आयबीडेटा-१', इनोडीबीचा कोश. निरोगी अवयव कापून काढून रोगी अवयव तसाच ठेवण्याची ही शस्त्रक्रिया होती.

मग चित्रफितीत आरियाचा उल्लेख का नव्हता? याचे कारण मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत उद्बोधक वाटले. झॅम्पच्या फलकावर आजही 'मायएसक्यूएल' असे लिहिलेले असते. पण आत तो डेटाबेस २०१५ पासून नाही. त्या वर्षी झॅम्पने त्याच्या जागी मारियाडीबी आणला आणि पाटी तीच ठेवली. १९९५ साली मायएसक्यूएल निर्माण करणाऱ्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याला आपल्या 'मी' या मुलीचे नाव दिले होते. २००८ मध्ये सन कंपनीने मायएसक्यूएल विकत घेतले, पुढे सनच ओरॅकलकडे जाणार असे ठरल्यावर २००९ मध्ये विडेनियस यांनी त्याची वेगळी शाखा काढली आणि तिला धाकट्या मुलीचे, मारियाचे नाव दिले. आरिया हे इंजिन मारियाडीबीचे. मायएसक्यूएलमध्ये ते नाहीच. पाटीवरचे नाव घेऊन उपाय शोधणाऱ्याच्या हाती पुष्कळदा थोरल्या बहिणीच्या दुखण्याचे औषध लागते. लॉगमध्ये मात्र १०.४ हा आवृत्तीचा आकडा होता, आणि मायएसक्यूएलची अशी आवृत्ती निघालेलीच नाही. मुखपृष्ठावरील नाव आणि संहितेतील अंतर्गत पुरावा यांत विसंगती आढळली तर विश्वास कशावर ठेवायचा, हा प्रश्न आम्ही दरवर्षी परीक्षेत दहा गुणांना विचारतो.

झॅम्पमधली दुसरी फसवी पाटी आहे ती 'बॅकअप' या फोल्डरची. हे नाव वाचून अनेकांना वाटते की आपल्या मजकुराची प्रत यंत्र परस्पर ठेवते आहे. तिथे असते ती सर्व्हर बसवला त्या पहिल्या दिवशीची कोरी अवस्था. तो फोल्डर 'डेटा'च्या जागी ठेवून जुन्यातून आपले तक्ते आणि 'आयबीडेटा-१' उचलून त्यात टाकावेत, असा आणखी एक लोकप्रिय उपाय आहे. हा पहिल्यापेक्षा पुष्कळ सौम्य, आणि जुना फोल्डर नाव बदलून राखला असेल तर निर्धास्तपणे करून पाहण्याजोगा. पण रोजकीर्द मग नव्या पेढीची राहते आणि खतावणी जुनीची. सर्व्हर सुरू होतो आणि लॉगमध्ये तक्रार करीत बसतो की या पानाचा क्रमांक भविष्यकाळातला आहे. सुरू झाला म्हणून लॉगकडे कोणी फिरकत नाही, आणि ती तक्रार महिनोन् महिने साचत राहते.

पोर्टच्या अडचणीबद्दल फार लिहीत नाही. एकाच यंत्रावर दुसरा डेटाबेस-सर्व्हर आधीच ३३०६ या क्रमांकाच्या दारात बसला असेल तर नव्याला जागा मिळत नाही. गंमत एवढीच की तेव्हा लॉग सरळ प्रश्नच विचारतो: या पोर्टवर तुमचा दुसरा सर्व्हर चालू आहे काय? यापेक्षा सौजन्याने यंत्राने काय बोलावे!

आमचा उपाय शेवटी लॉगने सांगितला तोच होता. 'आरिया-चेक' हे साधन झॅम्पबरोबरच आलेले असते. सर्व्हर बंद ठेवून ते त्या तक्त्यांवर चालवले. आरियाच्या लॉगफायली आणि त्यांची नियंत्रक फाइल पुसल्या नाहीत. दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या. 'स्टार्ट' दाबले. पिवळे, मग हिरवे, आणि हिरवेच राहिले. बटणे त्या विद्यार्थ्यानेच दाबली, त्याचे हात माझ्यापेक्षा सफाईदार आहेत. वाचन आम्ही दोघांनी मिळून केले. इनोडीबीच आजारी असते तर पुढची पायरी सक्तीच्या पुनरुज्जीवनाची होती. तिला एकपासून सहापर्यंत मात्रा आहेत. एकपासून सुरुवात करायची, सर्व्हर उभा राहताच मजकूर बाहेर काढून घ्यायचा, आणि चार व त्यापुढची मात्रा दिली तर फायलींची कायमची हानी होऊ शकते हे लक्षात ठेवायचे. इंटरनेटवर मात्र सहा हाच आकडा बिनदिक्कत सुचवलेला आढळतो.

विभागात हे सर्व सांगितल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "हे आपलं काम आहे का?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. वीस वर्षे संतवाङ्मय शिकवणाऱ्याने इंग्रजी लॉग का वाचावेत? महाविद्यालयात त्यासाठी माणूस नको का? हवा. आमच्याकडे होता; कंत्राट संपल्यावर गेला आणि ती जागा पुन्हा भरली गेली नाही. पण तो असता तरी माझे म्हणणे बदलले नसते. त्या माणसाला सर्व्हर चालू करता आला असता. त्यात काय जपायचे आहे हे त्याला कोणी सांगितले असते? आमची पिढी संगणकाला भ्यायली आणि मग एकदम शरण गेली, मधली चिकित्सेची पायरी आम्ही ओलांडलीच नाही. युनिकोड आले, देवनागरी टंकता येऊ लागले, तेव्हा आम्ही उत्साहाने संग्रह उभारले, विद्यापीठांना प्रकल्पांचे अहवाल सादर केले. तो मजकूर कोणत्या फायलीत, कोणत्या रूपात राहतो, हे मात्र विचारले नाही. शं. ग. दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची' सिद्ध केली तेव्हा पुस्तक कोणत्या ग्रंथालयात पाहायला मिळते हा प्रश्न त्यांना क्षुल्लक वाटला असेल असे मला वाटत नाही. कागद कोणता, शाई कोणती, वाळवी कोठून येते, हे जुन्या सूचिकारांना ठाऊक असायचे, आणि ते तांत्रिक काम म्हणून कोणी त्यांना हिणवत नसे.

इंग्रजीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. लॉगमधली इंग्रजी अवघड नसते, तुटक असते. वर्गातल्या अर्ध्या मुलांना ती एकट्याने वाचता येणार नाही. चित्रफितीतला तरुण त्यांच्या भाषेत, त्यांच्या वेगाने बोलतो. तो पुसायला सांगत असला तरी जवळचा वाटतो, आणि न पुसायला सांगणारा लॉग परका. मराठीत असे लेखन कोणी केले पाहिजे हे म्हणणे सोपे. ते आम्ही केलेले नाही, हेही खरे.

सर्व्हर उभा राहिल्याबरोबर आम्ही साध्या मजकुराच्या रूपात सूचीची प्रत काढली. 'मायएसक्यूएल-डंप' या आज्ञेने निघणारी ही फाइल कोणत्याही यंत्रावर, नोटपॅडमध्येही उघडते. स्वल्पविरामांच्या आणि अवतरणचिन्हांच्या गर्दीत देवनागरी ओळी स्वच्छ वाचता येतात. आठ वर्षांत हे एकदाही केले नव्हते. आता दर शनिवारी होते. प्रती तीन ठिकाणी राहतात, त्यांतली एक नदीपासून दूर. तो पेनड्राइव्हही तसाच आहे.

त्यानंतर त्या संध्याकाळच्या नोंदी वहीशी ताडून पाहिल्या. वह्यांपैकी वाचलेल्या अखेरच्या वहीतून ती विद्यार्थिनी काम करीत होती. वहीत अकरा नोंदींवर खूण होती, सूचीत दहा मिळाल्या. अकरावीची खूण तिने टंकायला घेतानाच केली होती, आणि 'सेव्ह' दाबण्यापूर्वी वीज गेली. ती रोजकीर्दीपर्यंत पोचलीच नव्हती. तिने ती पुन्हा भरली. एका बंद पडलेल्या मासिकाच्या दुसऱ्या अंकातली कविता. कवयित्रीच्या जागी 'एक भगिनी' एवढेच, आणि शेऱ्याच्या रकान्यात: पुढील पान फाटलेले.